बंबाची बोट

परवा फोनवर धाकटीने सांगितलं, शाळेत ‘आमच्या घराण्यातला शोधक’ असा निबंध होता, तिने आजोबांच्या वाफेच्या बोटीवर लिहिलं आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मी शाबास म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र राहवेना, म्हणून तुम्हा तिघा नातवंडांसाठी हे लिहायला बसले आहे.

ती बोट मी केली होती.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन शेलूबाजारजवळच्या या खेड्यात आले. तुमचे आजोबा गावच्या शाळेत गणित शिकवत. मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी तिथे विज्ञानाच्या शिक्षकाची जागा निघाली. मी अर्ज लिहिला. सासऱ्यांनी तो वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि म्हणाले, “काय कमी हाये तुले या घरात? मास्तरकी कायले पाह्यजे?”

शाळेचे अध्यक्ष आजोबांजवळ म्हणाले होते, “पदव्या लय पाह्यल्या गुरुजी. हातानं काही करून दाखवनारा मानूस आना.” आजोबांनी हे घरी हसत सांगितलं. मी ते खरं धरलं. त्या जागेसाठी मला दुसरा रस्ताच नव्हता.

वडिलांच्या रद्दीतून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात चाकाच्या बोटीचं चित्र होतं. त्यावरून मी माझी मापं काढली. बॉयलर म्हणून माझा आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब घेतला, माहेरहून आलेला. मधून विस्तवाची नळी, भोवती पाणी. बॉयलर तरी वेगळा काय असतो? तांबटाने त्याचे सांधे झाळून रिबिटा मारल्या, तोंडावर फिरवून घट्ट करायचं आट्याचं झाकण बसवलं. वाफ फार झाली तर सुटावी म्हणून मी एका भोकावर वजन टांगलेला दांडा लावला. आत पाणी किती उरलं ते दिसावं म्हणून बाजूला काचेची नळी जोडून तिच्यावर खुणेचा लाल दोरा बांधला. कपाशीवर फवारायच्या पंपाची पितळी नळी सिलिंडर झाली. सायकलच्या दोन रिंगांना खाटेच्या फळ्या ठोकून चाकं केली. सगळा डोलारा डांबराच्या चार रिकाम्या ड्रमांवर. सासऱ्यांना तो रिकाम्या वेळचा खेळ वाटला, म्हणून त्यांनी आडकाठी केली नाही. आजोबांनी ड्रम आणून दिले, दोर बांधले. तेवढं त्यांचं श्रेय मी कधी नाकारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, दुष्काळी कामावर बांधलेला तलाव भरलेला असताना, अध्यक्षांना बोलावलं. सारं गाव बांधाच्या पाळीवर जमलं. पूजा आलीच. भटजींनी आजोबांना पाटावर बसवलं आणि मला म्हणाले, “बाई, तुम्ही फक्त हाताला हात लावा.” जिच्यासाठी मी चार महिने खपले होते त्या बोटीला आजोबांनी कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि मी उजव्या हाताची बोटं त्यांच्या मनगटाला टेकवून बसले.

अध्यक्षांनी विचारलं, “कोनाचं काम हाये हे?”

सासरे म्हणाले, “आमच्या पोराचं.”

मी आजोबांकडे पाहिलं. ते हळदीचे हात पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

बोटीत कोण बसणार हाही प्रश्न कुणाला पडला नाही. मी आजोबांना फक्त बजावलं, “पाणी काचेच्या नळीवरच्या लाल दोऱ्याखाली गेलं की विस्तव ओढून घ्यायचा. झाकण उघडायचं नाही.”

“अवं, बंब मले शिकवतं का? रोज सकाळी मीच पेटवतो ना?”

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या, दांडा फुसफुसला आणि बोट निघाली. खरंच निघाली. चाकं पाणी मागे फेकत होती, पोरं काठाने धावत होती. म्हशी धुणारा एक गडी ओरडला, “गुरुजी, आता डायरेक्ट अकोल्यालेच उतरा!” अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. मी मनात वर्गातला फळा पाहत होते.

तलावाच्या मध्यावर पाणी दोऱ्याखाली गेलं असावं. आजोबांनी रोज सकाळी करायचे तेच केलं. बंबातलं पाणी कमी झालं की वरून गार पाणी ओततात. त्यांनी एका हातात तांब्या घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकण फिरवलं. वाफेचा लोट उसळला. झाकण तलावात गेलं, ते हात धरून खाली बसले आणि चाकं थांबली.

म्हशीवाल्याने पोहत जाऊन दोर बांधला. दोन म्हशींनी बोट काठाला ओढून आणली. लोक पोट धरून हसत होते.

“गुरुजी, इंजनापेक्षा म्हशी बऱ्या, पानी मांगत नाहीत!”

सासरे अध्यक्षांना म्हणाले, “मी पयलेच म्हनलं होतं. हे सगळं सूनबाईच्या डोक्यातलं हाये. इंग्रजी पुस्तकं वाचून राह्यते दिवसभर.”

आता बोट माझी झाली होती. मी म्हटलं, “साहेब, झाकण उघडलं म्हणून झालं. ते बंद असतं तर—”

अध्यक्ष माझ्याकडे न पाहता आजोबांना म्हणाले, “हात दाखवा डाक्टरले. अन् बाईले घरचं पाहू द्या.” आजोबा हातावर फुंकर घालत राहिले. फोड आले होते, दुखत असेल. पण दोन शब्दांपुरतं तोंड शाबूत होतं.

ती जागा बाहेरगावच्या एका मुलाला मिळाली. मी पुन्हा अर्ज केला नाही, कुणी कर म्हटलंही नाही. वर्षं गेली तशी गोष्टीतली म्हशींची बाजू गळून पडली, बोट चालल्याची तेवढी उरली, आणि ती पुन्हा आजोबांची झाली. तुमच्या बाबांनी ती तशीच ऐकली, मीच ऐकू दिली.

बक्षीस परत करू नकोस, बाळा. फक्त निबंधाची प्रत घरी ठेवशील तिच्यासोबत हा कागदही ठेव.

आणि बंब? त्याला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातच आजोबांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. त्यांचा हात भाजलेला, म्हणून तो पेटवायचं काम माझ्याकडे आलं. हात महिनाभरात बरा झाला. काम माझ्याकडेच राहिलं.