शेळीचं बिऱ्हाड

पिंपरीत कारखाना उभा राहू लागला, तशा आमच्या घरमालकांनी ज्वारीच्या शेतात खोल्या बांधायला घेतल्या. पुढच्या खोलीचं आगाऊ भाडं घ्यायचं आणि त्यातून मागच्या खोलीवर पत्रे घालायचे, ही त्यांची रीत. त्यामुळे शेवटच्या बिऱ्हाडकरूच्या डोक्यावर कायम आभाळ असे. तो कुरकुरला की ते म्हणत, "वारं फुकाट हाय, राव. त्याचं भाडं घेतो व्हय मी?"

सड्या, एकट्या माणसाला ते खोली देत नसत. महिन्याच्या महिन्याला काठीने भिंत ठोकत येत आणि दारातून आधी चूल बघत.

माझी पत्नी गेली. तेराव्यानंतर ते आले तेव्हा चूल थंड होती. तिने सारवलेली ती जमीन सोडून जाणं माझ्या जिवावर आलं होतं.

"नेम म्हंजी नेम, मास्तर," म्हणून ते निघून गेले. मी पुस्तकं बांधायला घेतली.

संध्याकाळी त्यांनी एक शेळी आणून माझ्या दाराशी बांधली. "आता तुमी एकलं न्हाई. हिला सांजसकाळ आंबोण शिजवून घाला. चूल पेटली म्हंजी बिऱ्हाड."

दूध त्यांच्या घरी जाई. पण चूल पेटलेलीच आहे म्हणून हळूहळू मीही भात टाकू लागलो.

पुढच्या महिन्यात भाडं आठ आण्यांनी वाढलं. मी कारण विचारलं.

शेळीच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "खोलीत माणसं वाढली न्हवं, मास्तर."