रोज एक गोळी कमी

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला हसला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलंय.

माझी धाकटी बहीण माझ्याकडेच राहते, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तीन वर्षांपूर्वी तिनं सांगितलं, ग्रंथालयात काम करणाऱ्या एका मुलीवर तिचं प्रेम आहे. मला ते पचवायला वर्ष लागलं. पचलं, तोवर त्या दोघींचं फिसकटलं. आणि यंदा एक सायकल दुरुस्त करणारा मुलगा तिला दारापर्यंत सोडायला यायला लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही तेव्हा खोटं बोलली, की आता बोलतेय? आई फोनवर म्हणाली, "आली बाई एकदाची ताळ्यावर." मुलींवरच प्रेम करणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणींनी मात्र तिला फितूर ठरवून बोलणं टाकलं.

धाकटीची झोप उडाली. जेवताजेवता रडायची. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. ती घेईल याचा काय भरवसा? रोज सकाळी ती आंघोळीला गेली की मी तिचा कप्पा उघडून गोळ्या मोजायचे. बरोबर एक कमी असायची.

"झोप लागली का गं?"

"मस्त."

डोळे मात्र सुजलेले. दोन महिने झाले तरी तेच. कुठंतरी पाणी मुरत होतं. शेवटी मी दुकानातच जाऊन धडकले. मालक समोर होते, म्हणून तिनं मला गिऱ्हाईकासारखं आतल्या खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट चढवली आणि भिंगं घालायला लागली.

"हे बरं की हे?"

"दुसरं."

"आता?"

"दुसरंच."

"ताई, आत्ता मी भिंग बदललंच नाही. तू न बघता ठोकून देतेयस."

मी वैतागले. "मग तूही ठोकू नकोस. ती खरी होती, की हा खरा आहे?"

"दोघंही. ती गेली तेव्हा मी खरंच कोलमडले. हाही खरंच आवडतो. पुढचं मला नाही सांगता येत. पण मैत्रिणींना मी फितूर, आईला सुधारलेली आणि तुला चोर."

"चोर कशी?"

"गोळ्या मोजतेस ना? रोज एक काढून बेसिनमध्ये टाकते मी. तुझी मोजणी जुळावी म्हणून. गोळ्यांची एवढी काळजी, पण माझं काय चाललंय हे एकदा तरी बसून विचारलंस?"

डोळ्यांत तेल घालून मी पहारा देत होते आणि पोरगी औषधाविना तडफडत होती. मालकांना सांगून मी तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर बसून राहिले. आत काय बोलणं झालं, ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली. सवयीनं मी कप्पा ओढला. मग तसाच ढकलला. ती केस पुसत बाहेर आली.

"झोप लागली का गं?"

तिनं आधी कप्प्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता संशय तिच्या डोळ्यांत होता.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

दोन महिन्यांत पहिल्यांदा मला तिचं उत्तर खरं वाटलं. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.