शिंपीमास्तरांची कंबर

वकील झालेल्या लेकीचा पहिला काळा कोट आपणच शिवणार, असं शिंपीमास्तरांनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. उद्या ती कोर्टात उभी राहायची, आणि ऐन वेळी, बाह्या न् अस्तर बाकी असताना, मास्तरांची कंबर धरली.

बायको दवाखान्यातून कंबरदुखीवर अंगठ्याने दाब द्यायला शिकून आली होती. म्हणाली, "कण्यापासून दोन बोटं सोडून दाबायचं."

"बोटं हे काय माप झालं? टेप आण!"

मास्तरांनी उभ्याउभ्या इंच मोजून घेतले, सदऱ्यावर खडूच्या फुल्या मारायला लावल्या आणि टेबलावर पालथे पडले. बायकोने देवाचं नाव घेऊन फुल्यांवर अंगठे रोवले, तशी मास्तरांनी बोंब ठोकली, "अगं, या बरगड्या आहेत!"

"सदरा वर सरकलाय. तीस वर्षं शिवताय अहो, कापड सरकतं एवढं ठाऊक नाही?"

लेक हसून हसून खालीच बसली.

सदरा निघाला. बायकोने आता बोटांनीच जागा शोधली, कण्याला धक्का न लावता हळूहळू दाब वाढवला, मग दवाखान्यात दाखवल्याप्रमाणे गुडघ्यामागच्या घडीत मधोमध अंगठा धरला. चौथ्या-पाचव्या दाबाला मास्तर पुटपुटले, "हां, तिथेच."

दुखणं पार गेलं नाही, पण बसता येऊ लागलं. दर शिवणीनंतर उठून फिरायचं, असं बायकोने बजावलं. मास्तर सहा वेळा कुरकुरत उठले, आणि दिवेलागणीला कोट लेकीच्या अंगावर चढला. खांद्याची शिवण चाचपून मास्तर म्हणाले, "आता खुशाल भांड!"