शेऱ्याचा रकाना

"तू फॉर्म भरायला होतीस. अर्थ लावायला नाही. खाली बस."

मॅडम हे माईकवर बोलल्या. त्यांच्या पाणी-अहवालाच्या प्रकाशनाला पार्ल्यातल्या आमच्या कॉलेजचा हॉल गच्च भरलेला, आणि तिसऱ्या रांगेत मी एकटी उभी. कुणीतरी हसलं. मग मॅडमही हसल्या आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "आमचीच विद्यार्थिनी. वस्तीतून आलीय. या मुलींना आकड्यांतही भावना दिसतात."

मी खाली बसले. त्याची लाज आजही वाटते. उठल्याची नाही, बसल्याची.

पडद्यावर आधी जगाचा नकाशा होता. पाण्यासाठी बायकांना लांब चालावं लागतं ते देश लाल. मॅडमनी आफ्रिकेवर बोट ठेवलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका चुकचुकल्या. बिचाऱ्या, किती चालतात! मग आपला देश आला, मग मुंबई, मग उपनगरं, आणि शेवटी घाटकोपरची आमची टेकडी. हिरवीगार. हिरव्याचा अर्थ कोपऱ्यात लिहिला होता: पाणी जवळ.

त्या टेकडीवर माझा जन्म गेला. नळ खाली रस्त्याला, आणि आमचं घर जवळजवळ त्याच्या डोक्यावर. मधे दोनशे बारा पायऱ्या. कुठे फरशी, कुठे नुसता दगड, पावसात सगळंच शेवाळ. पण कागद सपाट असतो. कागदावर आम्ही नळाच्या शेजारीच राहतो. एवढंच सांगायला मी उठले होते.

मॅडम मला भूगोल शिकवायच्या. मला नकाशे आवडतात हे त्यांनी ओळखलं. स्वतःचा जुना नकाशासंग्रह मला दिला, घरी बोलावून चहा पाजला. "नकाशा खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या. मला ते देववाक्य वाटायचं. सख्ख्या आईचं ऐकलं नाही इतकं मी त्या बाईचं ऐकलं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

या अहवालासाठी घरोघरी पाण्याचं सर्वेक्षण झालं, त्यालाही त्यांनीच मला घेतलं. दोन महिने मी आमची टेकडी पिंजून काढली. नळ किती मीटरवर, हे फोन आपोआप मोजायचा, सरळ रेघेत. फॉर्मच्या शेवटी एक मोकळा रकाना होता, शेऱ्याचा. मी तो प्रत्येक घरासाठी काठोकाठ भरला. पायऱ्या किती, चढतं कोण, वाटेत किती वेळा टेकावं लागतं. शेजारच्या शेवंतामावशीचे गुडघे गेलेत. तिने भरलेला हंडा पायरीवर ठेवून मला उत्तरं दिली.

"लिही गं बाय, सगळं लिही. लाईन येईल ना वर?"

"येईल मावशी," मी म्हणाले. छातीठोक म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमना गाठलं. "मॅडम, शेरे कुठे गेले?"

"तो रकाना काढला. शेऱ्यांचा नकाशा होत नाही गं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या कामातही तुलाच घेईन. मन लावून करतेस."

पुढे काही महिन्यांनी वस्तीचा अर्ज फेटाळला गेला. टेकडीवर पंप आणि पाइप द्या, असा तो अर्ज होता. वॉर्ड ऑफिसच्या पत्रात कारण होतं मॅडमचा अहवाल. पाणी जवळ आहे. अहवालाचं शेवटचं पानही जोडलेलं. माहिती गोळा करणारी म्हणून खाली माझं नाव.

ते पत्र बायकांना मीच वाचून दाखवलं. माझं नाव गाळलं. शेवंतामावशीच्या सुनेने कागद माझ्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचलं. मावशीने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुला तर माहीत होतं ना गं."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या घरी गेले. म्हटलं, चूक झाली असं पत्र द्या, नाहीतर माझं नाव काढा.

"छापून झालंय. एका टेकडीसाठी सगळं बदलू? अशी भांडत राहिलीस तर कोण काम देणार तुला?" त्यांनी नव्या प्रकल्पाचं नेमणूकपत्र पुढे सरकवलं. माझं नाव त्यावर टाइप करून तयार होतं.

मी ते तिथेच फाडलं. तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. विश्वासघाताला पगार देतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आता आम्ही दुसरा अर्ज केलाय. भरलेला हंडा घेऊन प्रत्येक घरापर्यंत किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून मोजलं. अर्जाला माझा जबाब जोडलाय: ही माहिती मी गोळा केली होती, तिच्यातला अर्धा भाग कापला, आणि कुणी कापला. मॅडमचं पूर्ण नाव लिहिलंय. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात, तुझी वाट लागेल. लागू दे.

मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. तिने बोलावं म्हणून मी हे करत नाहीये. सुनावणी लागली की मॅडमनाही बोलवा, अशी मागणी मी केलीय. त्या माझ्या गुरू होत्या. आता विरुद्ध बाजूला आहेत, आणि त्यांना सगळ्यांसमोर प्रश्न मी विचारणार आहे.