ओल्या सारवणावरची रेघ

ताज्या शेणाचा वास आला की टोकावड्याजवळचा डोंगरउतारावरचा तो पाडा आठवतो. प्रकल्पासाठी प्रत्येकाने आपल्याच गावच्या जमिनीचा अभ्यास करायचा, असं मी वर्गात सांगितलं होतं. एका मुलीने घराच्या मागच्या पडवीत पडलेली भेग निवडली. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून ती रोज अंतर मोजायची. पाऊस थांबेना, आकडे वाढायला लागले, म्हणून मी स्वतः बघायला गेले, तर खुंट्या उपटलेल्या आणि भेग शेणामातीने लिंपलेली. "मॅडम येनार म्हून सकालीच सारवलं," तिची आई कौतुकाने म्हणाली. "आई, तीच तर दाखवायची होती गो!" मुलगी रडकुंडीला आली. मला संताप आला होता, पण हातात चहा दिलेला. तो संपायच्या आत सारवणावर केसाएवढी रेघ उमटली आणि बघता बघता तिच्यात माझं नख गेलं. सुकलेलं सारवण तडकतं, ओलं नाही. "आत्ताच्या आत्ता निघा," मी ओरडले. "चुलीवर भात हाय, मॅडम." "राहू दे भात!" माणसं वेळेत बाहेर पडली; संध्याकाळी चूल, भात, पडवी, सगळंच मातीखाली होतं. आता दरवर्षी मी मुलांना भेगेवर शेणाचा पट्टा ओढायला लावते. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं कुणी विचारलं की त्या आईचं नाव सांगते.