आप्पांनी केलेला बाप

“सुकलाल आप्पा गया. तू ये,” एवढंच बोलून वडिलांनी फोन ठेवला. मी पुण्यात होतो. आमच्या चित्रपटात बापाचं काम केलेला माणूस गेला होता, आणि ते मला माझ्या वडिलांनी कळवलं होतं... ज्यांनी त्या चित्रपटाबद्दल आजवर एक शब्द काढला नव्हता.

शहाद्यात रसवंती चालवणारे आप्पा अहिराणी विनोदी व्हिडिओंमुळे घरोघरी ओळखीचे. मी घरातला पहिला पदवीधर. लोणखेड्याच्या कॉलेजातले मित्र जमवून अहिराणीत चित्रपट करायचं ठरवलं. आपलं मन मुलींकडे नाही, वर्गातल्या मित्राकडे ओढ घेतं, हे उमगलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट. आप्पांनी ती ग्लास विसळता विसळता ऐकली.

“यामा हासानं कोठे शे?”

“कोठेच नही, आप्पा.”

“कोना घरनी गोट शे हाई?”

मी हातातला रसाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणालो, “मन्ही.”

“तुन्हा आबाले माहीत शे?”

मी नकारार्थी मान हलवली. आप्पांनी हात पुसले. “मंग बापले राक्षस नको करू.”

मी लिहिलं होतं, बाप मुलाच्या थोबाडीत मारतो. शूटिंगच्या वेळी आप्पांनी हात उगारला, तसाच खाली घेतला आणि खाटेवर बसून राहिले. आम्ही तेच ठेवलं.

गावातल्या मंगल कार्यालयात चित्रपट दाखवला, तेव्हा लोक आप्पांची कॉमेडी बघायला आले होते. आप्पा पडद्यावर दिसले की हशा. तिसऱ्या रांगेत माझे वडील. पडद्यावरचा मुलगा म्हणाला, “आबा, माले पोरी आवडत नहीत.” हॉल हशाने फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, “लगीनना खर्च वाचना रे आप्पा!” तोच पहिल्या रांगेतून आप्पा उठले. त्यांची सावली पडद्यावर पडली.

“मन्हावर जिंदगीभर हासनात, मी काही बोलनू नही. आते पोऱ्या बोली ऱ्हायना. गप बठा!”

मग पंख्यांचाच आवाज. मी वडिलांच्या मानेकडे बघत होतो... आता उठतील, आता उठतील. ते शेवटपर्यंत बसले. घरी जाताना मोटारसायकलवर मी मागे होतो.

परवा आम्ही दोघे आप्पांच्या दारावर, घरच्यांना भेटायला गेलो. रसवंतीची बाकडी अंगणात मांडली होती. आप्पांच्या मुलाने माझ्या वडिलांना विचारलं, “तुम्ही कोन, बाबा?”

वडिलांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

“शिनेमामा तो बाप मी व्हतू ना,” ते म्हणाले, आणि बाकड्यावर सरकून त्यांनी मला शेजारी जागा केली.