रंगूनानाच्या डोक्यातले कप्पे

पानटपरीवर किस्से चुन्यासारखे साठतात. डबी पुसली तरी कडेला चिकटून राहतात. हे सगळे एकाच डोक्याचे. डोकं आमच्या तिसगावच्या रंगूनाना पोस्टमनचं. टपरी माझी, समोर बशीरभाई शिंप्याचं दुकान. मी चौथी नापास, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

*

नव्वदनंतरची गोष्ट. नानाची एक किडनी कॅन्सरपायी आधीच काढली होती. दोन वर्षांनी तोच आजार डोक्यात गेला. एकच गाठ. पुण्याला ऑपरेशन करून काढली. पण तिथं बारीकसं काही उरलं असेल म्हणून वरून मशीनचा शेक द्यायचं ठरलं. मी सोबतीला.

नाना मरणाला भ्याला न्हाई, विसरायला भ्याला! आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. कुणाची टोळी कुठल्या कारखान्यावर, हे फक्त नानाच्या डोक्यात.

"सगळं डोकं भाजनार का वो?" त्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. गाठ होती तेवढी जागा आणि भोवतीची थोडी कड. बाकीचं डोकं शक्यतो वाचवायचं. पण फोटो वरचेवर काढायचे. दुसरीकडं काही उगवलं तर परत बघू."

"म्हंजी शंभरातला एकच कप्पा!" नाना मला म्हणाला.

"बाकीचे रिकामेच हायेत की," मी म्हणालो. बाई हसल्या. नाना हसला न्हाई.

*

ऑपरेशनसाठी डोक्याचा चकोट केलेला. मधे चार दिवस गावी आलो. तेवढ्यात कारखान्यावरून परतलेली गयाबाई दारात आली, नानाचं बोडकं डोकं बघितलं आणि नानाचा बाप गेला समजून तिनं गळाच काढला!

आतून म्हातारा ओरडला, "रडून झालं की च्या घे गं!"

*

शेकाला डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिकचा मुखवटा बसवून टेबलाला अडकवायचे. मुखवट्यावरच खुणा. पहिल्या दिवशी मशीनवाला पोरगा म्हणाला, "अजिबात हलायचं नाही."

शेक झाल्यावर बाहेरून माईकवर त्यानं विचारलं, "आजोबा, ठीक आहे ना?" उत्तर न्हाई. परत विचारलं. न्हाई! दोघं-तिघं आत पळाले, मुखवटा काढला.

नाना शांत. "तुमीच म्हनला हलू नका. बोललं की जबडा हलतो."

*

शेक संपल्यावर तो मुखवटा नानानं घरी आणला. मी कशाला सोडतो! तोंडाला लावला आणि बशीरभाईच्या दारात जाऊन हूंऽऽ केलं.

बशीरभाईनं मशीनवरून मान वर केली न्हाई. "डोक्याचं माप मी न्हाई घेत. पुढं जा."

*

तीन महिन्यांनी फोटो स्वच्छ आला. पण पोस्टमास्तर म्हणाले, "आधी हलकी फेरी कर, जमतंय का बघू." जमलं न्हाई तर टोळ्यांची पत्रं बंद दारांखाली सडणार, हे नानाला ठाऊक हुतं.

पूर्वी मी पेटीत कार्ड टाकायचो, त्यावर पत्ता एवढाच: 'खडूस म्हातारा, तिसगाव.' नाना ते बिनचूक बशीरभाईला द्यायचा! आता म्हटलं, खरी परीक्षा घेऊ. कोरं कार्ड टाकलं. नाव न्हाई, पत्ता न्हाई, मागं मजकूर न्हाई.

दुसऱ्या दिवशी नाना फेरीला निघाला. माझ्या टपरीवरून सरळ पुढं गेला. बघितलंसुद्धा न्हाई. बशीरभाईकडं दोन मिनिटं थांबला, शाळेकडं वळला. मी पानाला चुना लावतोय की माझ्या बोटाला, मला कळेना. बशीरभाईपण कात्री धरून उभा.

अर्ध्या तासानं नाना परत आला. पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं. मी उलटंपालटं केलं. दोन्हीकडून कोरं, कोपऱ्यात फक्त पोस्टाचा ठप्पा.

"हे माझं कशावरून?"

नानानं माझ्याच ताटातलं पान उचलून तोंडात सारलं.

"अक्षर वळखलं!"